चोर बाजारातल्या चिनी मातीच्या बाहुल्या: दात बनवणाऱ्या बाईचा अभिप्राय

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांनी इथूनच परत फिरावं. चिनी मातीच्या जुन्या शोभेच्या मूर्ती, बाहुल्या, कुत्री-मांजरं घ्यायची असतील तर चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला जरूर जा. इतका माल, इतक्या किमतीत, स्वतःच्या हाताने उलटापालटा करून बघायला मला तरी मुंबईत दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. पितळेच्या किंवा ब्राँझच्या ‘अँटिक’ मूर्ती हव्या असतील तर तिथे चहा प्या, डोळे भरून बघा आणि मोकळ्या हाताने घरी या. हस्तिदंत दाखवला तर चहासुद्धा न पिता निघा. तारेच द्यायचे झाले तर चिनी मातीला पाचपैकी चार, धातूला दीड.

आता हे सांगणारी मी कोण? मी परळच्या एका डेंटल लॅबमध्ये दातांवर बसवायच्या पोर्सेलीनच्या, म्हणजे चिनी मातीच्याच जातीच्या, कॅपा बनवते. डॉक्टरांकडून दाताचा साचा येतो, आम्ही सांगाड्यावर पोर्सेलीनचे पातळ थर चढवतो, भट्टीत घालतो, बाहेर काढून रंग बघतो, पुन्हा थर, पुन्हा भट्टी, शेवटी ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर. शेजारच्या दातावर चहा-सिगारेटचा पिवळेपणा असेल तर तोही आणायचा, बारीक तडा असेल तर तोही रंगवायचा. थोडक्यात, नव्याला जुनं दाखवायचं काम मी पगार घेऊन करते. त्यामुळे दुसऱ्या कुणी तेच केलेलं असलं की माझं लक्ष बाकी कशाकडे जातच नाही.

एक स्पष्ट करते. हा कुठल्या एका दुकानाचा अभिप्राय नाही, गल्लीचा आहे. दुकानांची नावं देऊन उपयोगही नाही, कारण माल फिरत असतो. आज डाव्या हाताच्या दुकानात दिसलेली चिनी मातीची मेंढपाळीण पुढच्या खेपेला समोरच्या फळीवर असते, आणि तोवर तिचं माहेरही बदललेलं असतं. आधी ती भायखळ्याच्या बंगल्यातून आलेली असते, मग मलबार हिलवरून. दुकानदाराला विचारलंत तर प्रत्येक वस्तू ‘पारसी घर का माल’ असते. मुंबईतल्या समस्त पारशांनी पिढ्यान् पिढ्या फक्त बाहुल्याच विकत घेतल्या असाव्यात असं वाटू लागतं. खरी गोष्ट बरीच साधी आहे: जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात, मोठ्या खोल्यांतून माणसं लहान फ्लॅटमध्ये येतात, आजीची काचेची शोकेस नव्या भिंतीला बसत नाही. मग रद्दीवाला, भंगारवाला, दलाल असं करत करत ती शोकेस आतल्या माणसांसकट इथे पोचते. आमच्या गिरगावच्या चाळीतही प्रत्येक घरी ती शोकेस होती आणि तिच्यात मान हलवणारी बाहुली, काचेचा बदक आणि एक तरी शिंपल्यांचं जहाज असायचंच.

दुकानं अरुंद आणि खोल. पुढे ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे दिवे, सिनेमाची पोस्टरं, एनॅमलच्या पाट्या; हे बहुतेक पर्यटकांसाठी आणि शूटिंगला भाड्याने देण्यासाठी. चिनी माती आत, वरच्या फळ्यांवर, धुळीत. पुढच्या काचेत मांडलेलं आहे ते सहसा महाग किंवा नवं असतं. मागच्या फळीवर, फुटक्या किटल्यांच्या शेजारी ठेवलेलं बघायला मागा. दुकानदार स्टुलावर चढायला कंटाळतो, पण चढतो. हाताळू देतात, उलटं करू देतात, उजेडात नेऊ देतात, आणि याच एका गोष्टीसाठी मी त्यांना पहिला तारा देते. ऑनलाइन फोटोवरून चिनी माती घेणं मला जमत नाही. फोटोत ग्लेझ दिसतो, वजन दिसत नाही.

मूर्ती हातात आली की मी तिचं तोंड बघतच नाही, आधी बूड बघते. बुडावर शिक्के असतात आणि दुकानदाराचं सगळं भाषण त्या शिक्क्यांवर उभं असतं. निळ्या रंगातल्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी म्हणजे जर्मनीतलं माइसेन. युरोपात खरं कडक पोर्सेलीन बनवणारा हा पहिला कारखाना, सुरू झाला १७१० मध्ये. त्या तलवारींच्या नकला इतक्या झाल्या आहेत की मटण स्ट्रीटवर त्या दिसल्या तर मी आनंदाने नाही, संशयाने बघते. खऱ्या तलवारी ग्लेझखाली हाताने काढलेल्या असतात. नख फिरवलं तर काहीच लागत नाही. वरून छापलेल्या असतील तर नखाला किंचित कड लागते. दुसरा लाडका शिक्का म्हणजे मुकुट आणि त्याखाली इंग्रजी एन. दुकानदार छाती फुगवून ‘कापोदिमॉन्ते, इटली’ म्हणतो. नेपल्सच्या राजाने १७४३ मध्ये काढलेल्या मूळ कापोदिमॉन्ते कारखान्याची खूण लिलीचं फूल होती. मुकुटाचा एन नंतरचा, आणि तो पुढे इटली-जर्मनीतल्या कितीतरी कारखान्यांनी बिनदिक्कत वापरला. वस्तू म्हणून सुंदर असेल तर घ्या, पण एनचे वेगळे पैसे देऊ नका.

मला स्वतःला देशांच्या नावांचे शिक्के जास्त आवडतात, कारण ते खोटं बोलायला अवघड असतात. ‘मेड इन जर्मनी’ असं लिहिण्याची पद्धत ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्याने आणली. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलेलं असेल तर वस्तू १९४९ आणि १९९० च्या मधली. जपानी मालावर ‘निप्पॉन’ असेल तर बहुधा १९२१ पूर्वीची, ‘जपान’ असेल तर नंतरची; हा नियम अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे पडला, त्यामुळे थेट मुंबईला उतरलेल्या मालावर काहीच नसलं तरी दचकू नका. आणि ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसरं महायुद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतच्या अमेरिकी ताब्याच्या काळातली. माझ्याकडे असा एक टोपीवाला पोरगा आहे, शेजारी बदक घेऊन उभा. जर्मनीच्या ग्योबेल कंपनीने १९३५ पासून हुमेल नावाच्या जोगिणीच्या चित्रांवरून गोबऱ्या मुलांच्या मूर्ती काढल्या, त्यांची ही जपानी नक्कल. नाक जरा वाकडं रंगवलंय. तीनशेला मिळाला, आणि मला तो अस्सल हुमेलपेक्षा प्रिय आहे.

या शिक्क्यांवरून एकदा झालेला संवाद सांगते. तपकिरी हरणाची जोडी, ग्लेझ उत्तम, मान उंच. गल्ल्यावरचे चाचा म्हणाले, ‘सौ साल पुराना, बेटी.’ मी उलटं करून दाखवलं, ‘चाचा, वेस्ट जर्मनी लिखा है. सौ साल पहले तो वेस्ट जर्मनी पैदा भी नहीं हुआ था.’ चाचांनी चष्मा वर केला, शिक्का नीट वाचला आणि म्हणाले, ‘तो सत्तर लगा लो.’ किंमत मात्र सत्तर टक्क्यांवर आणायला मला आणखी एक चहा प्यावा लागला. या गल्लीतली माणसं अडाणी नाहीत हे लक्षात ठेवा. आपल्याला किती कळतं ते बघून ती गोष्ट सांगतात. कळतं असं दिसलं की गोष्ट आखडते आणि भाव खाली येतो.

आता माझ्या सगळ्यांत आवडीच्या मालाकडे येते, आणि माझ्या मते मराठी माणसाने चोर बाजारात मुख्यतः यासाठीच जावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत खास हिंदुस्थानी गिऱ्हाइकासाठी पोर्सेलीनच्या देवदेवता बनत. लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण. त्यांचे चेहरे, उभं राहण्याची ढब, साडीचे काठ थेट रविवर्म्याच्या छापील चित्रांतून उचललेले. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये आपला छापखाना मुंबईत काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्याच्याच जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायखरने, विकत घेतला. म्हणजे जर्मन छपाईतंत्राने मुंबईत देवांची चित्रं निघाली आणि ती चित्रं बघून जर्मनीत मूर्ती बनून पुन्हा मुंबईच्या बंदरात उतरल्या. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी गोऱ्या गालांची का, याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही.

या मूर्ती बहुतेक बिस्किट पोर्सेलीनच्या, म्हणजे वर ग्लेझ नाही, अंग खडूसारखं मऊ-कोरडं, त्यावर रंग आणि सोन्याची रेघ. माझ्याकडची सरस्वती वीतभर उंच आहे. पहिल्यांदा दिसली तेव्हा तिचा गळा, मोर, कमळ सगळं नीट होतं, पण वीणेची दांडी मला बाकी अंगापेक्षा जरा जास्तच स्वच्छ वाटली. मी लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावला. बिस्किटाचा पोत सूक्ष्म कणीदार असतो. दांडीवर कण नव्हते, ब्रशच्या केसांच्या रेघा होत्या. मग पर्समधून अल्ट्राव्हायोलेटचा छोटा टॉर्च काढला. तो नोटा तपासायला मिळतो तसलाच, दोन-अडीचशे रुपयांचा. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मूर्ती धरली तर सगळं अंग मंद जांभळट आणि वीणेची दांडी व उजव्या हाताची दोन बोटं दुधाळ पांढरी लखलखीत. ते इपॉक्सी, म्हणजे तुटलेलं सांधायचं रसायन, आणि नवा रंग. दुकानातला पोरगा हे सगळं मान वाकडी करून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, ‘मॅडम, आप इन्कम टॅक्स से हो क्या?’

तिसरी परीक्षा मी दाताने करते. हो, दाताने. मूर्ती ओल्या टिश्यूने पुसून तिची कड पुढच्या दातावर हलकेच टेकवायची. पोर्सेलीन थंड लागतं आणि टक्क वाजतं. रेझिनचा (प्लॅस्टिकसारख्या राळेचा) किंवा रंगवलेला भाग कोमट लागतो, आवाज बसका येतो. ज्यांना चोर बाजारातली वस्तू तोंडाजवळ नेण्याची किळस वाटते त्यांनी बारीक सुई आडवी फिरवावी. पोर्सेलीनवरून ती घसरते, रेझिनमध्ये अडते. विचारल्याशिवाय मात्र सुई लावू नका, दुकानदार चिडतात, आणि बरोबरच आहे.

दुरुस्ती असली म्हणून मी सरस्वती सोडली नाही. माझा स्वतःचा धंदाच दुरुस्तीचा आहे, मला तुटक्या वस्तूचं वावडं कसं असेल? फक्त दुरुस्तीची किंमत अख्ख्या मूर्तीची नको. दुकानदाराने साडेबारा हजार सांगितले होते. मी टॉर्चचा प्रकाश त्याच्याच डोळ्यांसमोर वीणेवर धरला, बोटांवर धरला, काही बोलले नाही. साडेचार हजारांना आली. पूर्वी अशा वस्तूंना भोकं पाडून तारेचे टाके घालत. तसे टाके दिसले तर मला उलट बरं वाटतं, कारण तो कारागीर काही लपवत नव्हता.

एक धोका सांगून ठेवते. या जर्मन देवतांच्याही नकला आता गल्लीत भरपूर आहेत. ओळखायची सोपी खूण म्हणजे सोनं. जुनं सोनं मूर्तीच्या उंचवट्यांवर, जिथे हात लागतो, पुसला जातो तिथे झिजलेलं असतं आणि खाचांत शिल्लक असतं. नव्या मालावर ते सगळीकडे सारखं पिवळंजर्द, किंवा जिथे हात कधी पोचणारच नाही अशा बगलेतही ‘झिजवलेलं’.

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर कुत्र्यांचंही तेच. पांढरी, लांब कानांची, गळ्यात सोनेरी साखळी, एकमेकांकडे बघणारी जोडी. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या साध्या घरांत शेकोटीवर ठेवायला ती बनत. चोर बाजारात अशी जोडी बऱ्याचदा दिसते. बुडाचं हवेचं भोक बघा. जुनी कुत्री दोन साच्यांत माती हाताने दाबून बनवलेली असल्याने भोक टाचणीएवढं असतं. नवी पातळ माती साच्यात ओतून करतात, त्यांचं भोक बोटाचं पेर टेकेल एवढं. शिवाय जुन्या जोडीचे दोन चेहरे हाताने रंगवलेले म्हणून थोडे वेगळे, एक हुशार आणि एक बावळट. दोघं तंतोतंत सारखे दिसले की ठेवा खाली. अंगावरचे बारीक तडे बघून भुलू नका. चहाच्या पाण्यात बुडवून ते तपकिरी करता येतात, आम्हीही दातात तडा काढतो तो रंगानेच.

स्पेनच्या याद्रो मूर्तींबद्दल लोक फार विचारतात. त्या फिक्या निळ्या-करड्या, लांब मानेच्या बायका. तीन भावांनी १९५३ मध्ये व्हॅलेन्सियाजवळ काढलेली कंपनी. बुडावर निळं नाव आणि घंटेच्या आकाराचं फूल नसेल तर ती बहुधा दुसऱ्याच कुणाची, नाहीतर कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. मला त्या बायका कायम जुलाबाचं औषध घेतल्यासारख्या वाटतात, त्यामुळे पुढे जाते.

धातूकडे येऊ. इथे माझी धाकटी नणंद माझी गुरू. ती समया, दीपलक्ष्म्या आणि पानाचे डबे जमवते आणि पितळ हातात घेताच तिचा चेहरा बदलतो. मटण स्ट्रीटवर ‘दोनशे साल पुराना’ म्हणून मिळणारं पितळ मोठ्या संख्येने नवं असतं. ॲसिड लावून, मातीत पुरून काळं-हिरवं केलेलं. तिने मला झीज वाचायला शिकवलं. मराठी घरातला बाळकृष्ण किंवा लग्नात माहेरून आलेली अन्नपूर्णा रोज ताम्हनात बसते, पाणी-दूध अंगावर घेते, चिंचेने, राखेने, अलीकडे पितांबरीने घासली जाते. आधी नाक जातं, मग गुडघा, पोट, रांगत्या कृष्णाच्या हातातला लोणी-गोळा. डोळे तर पुसूनच जातात. काळेपणा उरतो तो फक्त बोटांच्या बेचक्यात आणि पाठीमागे, आणि तिथे जुनं कुंकू, गंध घट्ट बसलेलं असतं. बनावट मालात सगळं उलट: नाक तीक्ष्ण, डोळे रेखीव, आणि काळं मात्र अंगभर एकसारखं. दोनशे वर्षं जिला कुणी हात लावला नाही अशी अन्नपूर्णा कुठल्या घरात असते?

खरे जुने देव मिळतात ते सहसा शोकेसमध्ये नसतातच. ते एका परातीत, नट-बोल्ट, कुलुपं, घुंगरांबरोबर, वजनावर. तिथे मला नेहमी अवघडल्यासारखं होतं. एकदा त्या परातीत चार-पाच चांदीचे टाक निघाले, घोड्यावरचा खंडोबा म्हाळसेसह, आणि एक देवी. मी हातात घेतले तर नणंद म्हणाली, ‘वहिनी, टाक नको. कुणाच्या तरी कुळाचे आहेत, कोण जाणे कसे बाहेर पडले.’ टाक झिजले की सोनाराकडून नवे घडवून घेतात, जुन्यांचं विसर्जन करतात. असे बाजारात यायला घरात काहीतरी मोडावं लागतं. तिने ते घेतले नाहीत, मीही नाही. बाळकृष्ण मात्र तिने एक उचलला, कारण त्याला ‘कुणी तरी आंघोळ घालायला हवी’. संग्राहक म्हणून हे तर्कात बसत नाही, मला माहीत आहे.

‘फ्रेंच ब्राँझ’ म्हणून ज्या नाचऱ्या बायका आणि योद्धे मिळतात त्यांतल्या बऱ्याच स्पेल्टरच्या, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूच्या, वर ब्राँझचा मुलामा. उलट्या करून बुडाच्या आत कुठे ओरखडा आहे का बघा. ब्राँझ आतून पिवळसर-लालसर, स्पेल्टर राखाडी-पांढरं. नखाने टिचकी मारली तर ब्राँझ घुमतं, स्पेल्टर ठप्प वाजतं. काही तर धातूही नसतात, रेझिनमध्ये ब्राँझची पूड. त्या हाताला गार लागत नाहीत आणि साच्याची शिवण काखेतून खाली उतरलेली दिसते. स्पेल्टर वाईट असं नाही, एकोणिसाव्या शतकातला तोही जुना आणि देखणा असतो, पण भाव ब्राँझचा लावतात म्हणून माझा दीड तारा.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते. दगड, धातू, भाजलेली माती, हस्तिदंत यांच्या अशा मूर्तींची नोंदणी करावी लागते, विकणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि आपल्याला ती परदेशी नेता येत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या भाच्यासाठी ‘चोळकालीन’ नटराज घेणाऱ्या मावशींनी ठरवावं की तो खोटा निघालेला बरा की खरा. दुकानदारही गमतीशीर असतात: घेताना मूर्ती तीनशे वर्षांची, आणि ‘एअरपोर्टवर अडवलं तर?’ असं विचारलं की लगेच मुरादाबादच्या पितळ कारखान्यातली नवी. हस्तिदंताचा तर विषयच नको. वन्यजीव कायद्यातल्या १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर त्याचा व्यापार पूर्ण बंद आहे, मग तो आजोबांच्या काळचा असो. ‘सिर्फ आप के लिए’ म्हणत कपड्यात गुंडाळलेलं काही मागच्या खोलीतून आलं की मी उठते.

ज्यांना घासाघीस जमत नाही त्यांच्यासाठी कुलाब्याला रीगलजवळचं फिलिप्स हे जुन्या वस्तूंचं दुकान आहे, १८६० पासूनचं. शांत, नीट मांडलेलं, किमतीच्या चिठ्ठ्या लावलेलं, विचारलं तर समजावून सांगणारं. भाव अर्थातच वेगळे. मी तिथे घेते कमी आणि बघते जास्त. तिथून समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. टाटा घराण्याने दिलेल्या संग्रहातली चिनी, जपानी, युरोपीय पोर्सेलीन तिथे आहे. चोर बाजारात पैसे घालण्याआधी त्या दालनात एक दुपार घाला असं मी प्रत्येकाला सांगते. खऱ्या पांढऱ्याच्या किती छटा असतात ते तिथे कळतं. लॅबमध्ये आमच्याकडे दातांच्या पांढऱ्याचे सोळा नमुने एका पट्टीवर असतात, आणि ते कमी पडतात.

घरी आणल्यावर: ग्लेझ असलेली मूर्ती कोमट पाणी, चिमूटभर सौम्य साबण आणि मऊ ब्रशने. बिस्किट पोर्सेलीनला साबण नको, तेलकट हात नकोत, ते डाग शोषून घेतं. कापसाच्या बोळ्याने, डिस्टिल्ड पाण्याने हलकेच. सोनं ग्लेझच्या वर असतं, घासलं की गेलं. ब्लीच कधीही नको. जुनी दुरुस्ती असेल तर पाण्यात बुडवू नका, पूर्वीचा सरस सुटतो आणि हात तुमच्या हातात येतो. पावसाळ्यात प्लॅस्टरच्या मूर्ती बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, बुरशी धरते. आणि दुरुस्ती करून देणारे म्हणवणाऱ्यांना आधी त्यांचं जुनं काम दाखवायला सांगा. माझ्या एका मैत्रिणीच्या बिस्किट कृष्णाला अशाच एकाने चकचकीत व्हार्निश मारून दिलं. तो आता स्टीलच्या भांड्यांच्या दुकानातला वाटतो.

व्यवहाराचं: ग्रँट रोडला पूर्वेला उतरून टॅक्सीवाल्याला ‘दो टाकी, चोर बाजार’ सांगा. अकरानंतर जा, त्याआधी शटरं अर्धी असतात. शुक्रवारी ही दुकानं बंद. त्या दिवशी सकाळी रस्त्यावर भरतो तो जुन्या कपड्या-चपला-हत्यारांचा बाजार, त्यात बाहुल्या शोधायला जाऊ नका. यूपीआय सगळीकडे चालतं, पण रोख दाखवली की भाव जरा लवकर तुटतो. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याच्याही खाली सुरुवात करायला लाजू नका. ते लाजत नाहीत. परत घेणं वगैरे प्रकार नाही. चिठ्ठीवर ‘जुनी मूर्ती’ एवढंच न लिहिता कशाची, केवढी, दुरुस्ती कुठे आहे हे लिहून घ्या. बहुतेक जण कुरकुर करून लिहून देतात, आणि जो दुरुस्तीचा उल्लेख लिहायला तयार होत नाही त्याच्याकडून मी घेत नाही. बांधणी मात्र भिकार: एका उर्दू पेपरात गुंडाळून सुतळी. त्याचा अर्धा तारा कापला आहे. तेव्हा घरून जुना टॉवेल आणि झाकणाचा टणक डबा न्या, बाहेर आलेले हात, वीणा, मोराची मान आधी टिश्यूने भरून घ्या आणि मग टॉवेलात गुंडाळा. आणि साडेचारपर्यंत निघा. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये जर्मन सरस्वतीला कुणी बसायला जागा देत नाही.